जवाचं पाणी

११ फेब्रुवारी

जे खाल ते लिहून ठेवा, असं डॉक्टर आल्तिनायबाईंनी बजावलंय. वही बायकोने, वेनेराने, कपाटातून काढून दिली. पहिल्या पानावर वजन लिहायचं म्हणे. लिहितो: एकशे सहा किलो. त्यात लाजायचं काय? मी शायलोबेक, वय सेहेचाळीस, डोंगरातल्या नारीन गावच्या क्रीडाशाळेत पोरांना कुस्ती शिकवतो. एके काळी बहात्तर किलोच्या गटात आमच्या अख्ख्या प्रांतात माझी पाठ कुणी टेकवली नव्हती. तेव्हा वजनाच्या आधल्या तीन दिवसांत पाच-पाच किलो उतरवायचो. वजन कसं उतरवायचं हे मला शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

आता का उतरवायचं तेही लिहून ठेवतो, म्हणजे वाकडं पाऊल पडलं तर हे पान वाचता येईल. माझी थोरली बहीण असिलकान एजे (थोरल्या बहिणीला आम्ही एजे म्हणतो) हिच्या दोन्ही किडन्या गेल्या. वर्ष झालं, आठवड्यातून तीनदा इस्पितळात डायलिसिसला जाते, आणि परतली की भिंतीला धरून घरात शिरते. तिचा मुलगा मॉस्कोत कामाला आहे, त्याचं रक्त जुळलं नाही. माझं जुळलं. जुळणारच. आई वारली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि एजे पंधराची. तिच्या हातचं खाऊनच हे रक्त झालंय.

काल राजधानीत, बिश्केकला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनी उत्तम आहे तुमची. पण एवढ्या चरबीतून मी ती काढणार नाही, तुमचाच जीव धोक्यात येईल. नव्वदच्या आत या, मग बोलू." मग एजेकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला मान्य आहे ना?" एजे जमिनीकडे बघत म्हणाली, "आधी त्याचं वजन तर उतरू दे." बघा, स्वतः एवढी आजारी, तरी तिला काळजी माझ्या वजनाची.

सोळा किलो. एप्रिलमध्ये पुन्हा बोलावलंय. मी मार्चमध्येच संपवतो की नाही ते बघा.

१५ फेब्रुवारी

सकाळी पोरांबरोबर मीही धावलो. पोरं हसली. हसोत. भात बंद, साखर बंद, मटणावरची चरबी कापून मांजराला. वेनेराने वाफवलेला कोबी वाढला. मी म्हटलं, "हे काय, मेंढीचं खाणं?" ती म्हणाली, "मेंढी कधी जाड झालेली बघितलीय का कोबीने?" मी म्हटलं, आमच्या मेंढ्यांच्या चरबीने लोंबणाऱ्या शेपट्या बघ जरा. मग दोघंही हसलो.

खरी अडचण नानची आहे. कुणाच्याही घरातून निघताना नान तोंडाला लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. घाईत असलात तर घरची बाई नान हातात धरून फाटकापर्यंत धावत येते. आज तीन पालकांकडे गेलो, म्हणजे तीनदा नान, आणि प्रत्येकीने वर साय फासलेली. नाही म्हणणं म्हणजे त्या घराचं अन्न नाकारणं. मी तोडगा काढला: नखाएवढा तुकडा. तोंडाला लागला, घराचा मान राहिला, पोटात काही गेलं नाही.

२५ फेब्रुवारी

एकशे एक! दोन आठवड्यांत पाच किलो. पट्ट्याला नवीन भोक पाडलं. बोरोंबाय (शाळेतला माझा जुना जोडीदार, आता शहरात हमाम चालवतो) म्हणाला, "मर्दा, तुझी मान पुन्हा दिसायला लागली." संध्याकाळी एजेकडे गेलो आणि तिच्यासमोर गिरकी घेऊन दाखवली. तिने मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "गाल आत गेलेत तुझे, पैलवान."

"जाणारच. सगळाच मी आत चाललोय."

ती हसली नाही. डायलिसिसचा दिवस होता, थकली असेल. तिला दिवसाला मोजकंच पाणी चालतं. छोट्या पेल्यात ओतून ते घोटघोट पीत होती, आणि मला मात्र विचारत होती, तुला तहान लागलीय का, तुला काही देऊ का.

तिच्या दारावरचा खिळा अजून तिथेच आहे. मी सैन्यात गेलो तेव्हा निघताना चावलेला नान तिने त्या खिळ्याला लटकवला होता. दीड वर्षाने परत आलो तेव्हा चहात भिजवून भिजवून संपवला. दगड झाला होता. दात हलला होता माझा.

५ मार्च

एजेने माझ्यासाठी एक नवीन गोष्ट सुरू केली आहे. जवाचं पाणी. रोज शाळेतून येताना तिचं घर वाटेवरच लागतं, तिथे एक वाडगा प्यायचा आणि एक थर्मास घरी न्यायचा. मी विचारलं, "ही जार्माच ना, जवाची पेज? ती तर चरबीत भाजून करतात." ती म्हणाली, "ही तशी नाही. नुसते जव आणि पाणी. डायलिसिसच्या खोलीतली एक बाई सांगत होती, याने पोट भरलेलं राहतं आणि माणूस वाळतो."

खरंच पोट भरतं. वाडगा प्यायलो की रात्रीच्या कोबीचीही आठवण येत नाही. आणि चव! आजारी माणूस एवढ्या मायेने काही करतंय, मग ते गोड लागणारच. वर बारीक सोनेरी डोळे चमकतात. एजे म्हणाली, जवातही तेल असतं थोडं. मला माहीत नव्हतं. शिकावं तेवढं थोडंच.

वहीत लिहायचं का हे? पाणीच तर आहे. पाणी काय लिहायचं.

२१ मार्च

नूरूझ, वसंतातलं नवं वर्ष. गल्लीत मोठ्या कढईत सुमोलोक (अंकुरलेल्या गव्हाची गोड लापशी) रटरटत होतं. मी एकच चमचा घेतला, शपथेवर सांगतो. शहाण्णव किलो. गेल्या दोन आठवड्यांत उतार जरा मंदावलाय, पण डोंगर चढतानाही शेवटचा भाग सावकाशच होतो. वेनेराने थर्मास धुताना कुरकुर केली, "हे भांडं गार पाण्याने निघत का नाही? हाताला बुळबुळ लागते." मी म्हटलं, "गरम पाणी घे मग." जवाचा चिकटपणा असेल. तिने थर्मास नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि गरम पाणी घेतलं.

४ एप्रिल, बिश्केक

आज जे झालं ते लिहायचं की नाही, यावर अर्धा तास घालवला. लिहितोच.

परवा काट्यावर पंच्याण्णव दाखवलं. दोन आठवड्यांत एक किलो! डॉक्टरांनी दिलेली तारीख आजची. म्हटलं, पाच किलोंची काय कथा, पैलवान आहे मी. बोरोंबायच्या हमाममध्ये शिरलो. दोन दिवस पाणी बंद, अंगात रबरी कोट, आत बाहेर, आत बाहेर. बोरोंबाय बर्चच्या डहाळ्यांनी पाठ झोडपत ओरडत होता, "काढ, काढ, अजून अर्धा किलो काढ!" अगदी विसाव्या वर्षासारखं वाटत होतं. आज इस्पितळाच्या काट्यावर: एकोणनव्वद किलो आठशे. मी दोन्ही हात वर केले, जिंकल्यावर करतात तसे.

तासाभराने तपासण्या आल्या. डॉक्टर आल्तिनायबाईंनी कागद टेबलावर आपटला.

"हे काय केलंत?"

"काय झालं?"

"परवापर्यंत घोड्यासारख्या असलेल्या किडन्या आज मेलेल्या माणसासारखा आकडा दाखवतायत. पाणी प्यायला नाहीत ना?"

मी मान डोलावली. मग हमामचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "तुम्ही किडनी द्यायला आलायत की पदक घ्यायला? घाम म्हणजे चरबी नव्हे. वजनाच्या नादात जी वस्तू द्यायची तीच मोडून ठेवली असती तुम्ही." बाहेर बाकावर एजे बसली होती. तिने सगळं ऐकलं असावं. मी लाजेने मान वर केली नाही. तिने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. तिला स्वतःला जेवढं दिवसाला मिळतं त्याच्या दुप्पट पाणी मी तिच्यासमोर एका दमात प्यायलो.

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "नाही झालं तर नाही. माझं यंत्र आहे की."

माझं मन राखायला म्हणाली. किती मोठं मन तिचं. पुढची तारीख जूनची मिळाली आहे.

१२ एप्रिल

पंच्याण्णव. पाणी प्यायलो तसे सगळे किलो परत आले, मेंढ्या संध्याकाळी कोंडवाड्यात येतात तसे. आता सरळ मार्गाने जायचं. सकाळी धावणं, दुपारी दोर चढणं, रात्री कोबी. बघतोच.

१७ एप्रिल

पंच्याण्णव किलो चारशे.

काटा खराब आहे. वेनेराला उभं केलं, तिचं वजन बरोबर आलं. मग काटा लाकडी फळीवर ठेवला, मग अंगणात, मग शाळेत नेऊन बारबेलच्या वजनांशी ताडून बघितला. बरोबर आहे. "मुगालिम," वेनेरा म्हणाली (चिडवायचं असलं की ती मला मास्तर म्हणते), "आता मुल्लाला बोलावून काट्यावर दुवा म्हणून घ्यायची बाकी राहिली आहे."

२२ एप्रिल

शहाण्णव.

हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात, पण इथे शेपूट पुन्हा हत्ती व्हायला निघालंय. कोबी तोच. धावणं तेच, उलट जास्त. पोरं आता हसत नाहीत, दम लागला की माझ्याकडे बघून पुढे पळतात. एजेकडचं जवाचं पाणी तर दोन वाडगे केलं, ती म्हणाली अजून घे, वाळशील.

आज एक गोष्ट लिहितो, ती कुणाला सांगणार नाही. सकाळी काट्यावर शहाण्णव दिसलं तेव्हा वाईट वाटलं, हे खरंच. पण त्याच्या आतल्या बाजूला, एका कोपऱ्यात, बरं वाटलं. म्हणजे जूनमध्ये कापणार नाहीत. टेबलावर पडून राहायचं नाही, पोटाच्या कडेला चाकू नाही. मग दिवसभर तोच विचार. माझं अंगच कामचुकार आहे का? मी तोंडाने देतो देतो म्हणतो आणि आतून मूठ आवळून बसलोय का? आयुष्यात कुस्ती हरलो आहे, पण मॅटवरून पळून गेलो नाही कधी. एजेने माझ्यासाठी शिक्षण सोडलं, वयात आली तेव्हा चांगली स्थळं परत पाठवली, मला मोठा केला आणि मग कुठे लग्न केलं. तिला मी एक किडनी देऊ शकत नाही, आणि तेही भीतीने? थू.

उद्यापासून पहाटे नदीकाठी डबल धावायचं. वहीचं पहिलं पान वाचून झोपतो.

२७ एप्रिल

आज तर लिहायचंच.

काल एजेकडून निघालो तेव्हा तिने थर्मास दिला. झाकण सैल होतं म्हणून पाणी एका बरणीत ओतून घेतलं आणि ती गाडीतच विसरलो. रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी गाडी उघडली तर बरणीच्या तोंडाशी पांढरीशुभ्र थाळी. बोटभर जाड. नखाने खरवडली, जिभेवर ठेवली.

मेंढीची शेपटी. दुंब्याची चरबी. ती ओळखायला मला डॉक्टर लागत नाही. खाली जव तळाशी बसलेले, मध्ये पाणी, आणि वर बोटभर चरबी. जवळजवळ दोन महिने मी रोज वाडगा आणि वर थर्मास भरून दुंब्याची चरबी पीत होतो आणि कोबी खात होतो.

पहिला विचार आला, आजारपणाने डोकं फिरलं का तिचं? दुसरा विचार आला, नाही. मग सगळं समोर उभं राहिलं. जमिनीकडे बघणं. गाल आत गेलेत. नाही झालं तर नाही. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि मी आंधळा दरवेळी तोंड पुसून 'खूप छान झालंय' म्हणत होतो.

बरणी तशीच घेऊन गेलो. एजे अंगणात चुलीपाशी होती, कढईत चरबी वितळत होती. मला बघून तिने घाईने झाकण ठेवलं. मी बरणी तिच्यासमोर ठेवली.

"हे काय आहे?"

ती बघत राहिली. मग म्हणाली, "तुला थंडीत गाडीत ठेवायला कुणी सांगितलं?"

"एजे!"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! मी रोज सकाळी कुत्र्यासारखा धावतोय. मला वाटलं मीच भित्रा आहे. मी स्वतःवर थुंकलो, माहीत आहे?"

ती बसली. पाय आता फार वेळ उभे राहत नाहीत तिचे. बराच वेळ चुलीत काड्या सारत राहिली. मग बोलली, माझ्याकडे न बघता.

"आई गेली त्या दिवशी तिने तुझा हात माझ्या हातात दिला. तू तेव्हा तापाने फणफणला होतास. म्हणाली, याला अख्खा ठेव. मी अख्खा ठेवला. हिवाळ्यात भाकरी संपली तेव्हाही अख्खा. सैन्यातून आलास तेव्हाही बोटं मोजली तुझी. आता म्हातारपणी मीच तुला कापायला देऊ? वर गेल्यावर आईला काय सांगू, अर्धा खाल्ला म्हणून?"

"मग तोंडाने सांगायचं. नको म्हणायचं."

"म्हटलं असतं तर ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. आम्ही दोघंही एकाच आईची.

मी मान फिरवली. समोर दारावर तो खिळा होता. आणि मग तोंडातून जे आलं ते मी विचार करून बोललो नव्हतो.

"मी सैन्यात निघालो तेव्हा तू मला नान चावायला लावलास. म्हणालीस, बाकीचा खायला परत यावं लागेल. आता तू निघालीयस, एजे. रोज थोडी थोडी निघालीयस, मला दिसतंय ते. आणि मला साधा नानही चावून देत नाहीस. मी त्या खिळ्याला काय लटकवू?"

एजे रडली. मी तिला रडताना तीनदा बघितलं असेल उभ्या आयुष्यात. मीही रडलो. मग तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं, कढई उचलली आणि सगळी चरबी कुत्र्याच्या भांड्यात ओतली.

"उद्यापासून कोराच चहा मिळेल," ती म्हणाली. "तक्रार करायची नाही."

निघताना नान पुढे केला. नखाएवढा तुकडा तिनेच तोडला.

१ मे

वेनेराला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत राहिली. मी म्हटलं, "तुला धक्का बसला नाही?"

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"थर्मास धुतला त्या दिवसापासून. चरबीचा वास काय मला कळत नाही?"

"मग बोलली का नाहीस!"

तिने सुरी खाली ठेवली. "एजेंना मी मोठ्या बहिणीसारखं मानते, त्या जगाव्यात असं मलाही वाटतं. पण माझाही नवरा एकच आहे. रोज भांडं धुताना म्हणायचे, उद्या सांगेन. नाही सांगितलं. आता वाटेल ते बोला."

मी तिच्यासमोरचा एक बटाटा उचलून सोलायला घेतला. दोन बायका, दोघी मिळून मला जाड ठेवत होत्या, आणि मी वहीत माझ्या इच्छाशक्तीबद्दल लिहीत होतो. रात्रीचा कोबी तिने माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःच्या ताटातही तोच वाढून घेतला. पहिल्यांदाच.

९ मे

त्र्याण्णव! चरबी कुत्र्याला जायला लागल्यापासून दोन आठवड्यांत तीन किलो. कुत्रा मात्र पिंपासारखा झालाय.

एजे बदललीय. पूर्वी लपून जाड करत होती, आता उघड छळते. फोनवर विचारते, किती? मी सांगतो. ती म्हणते, शंभर ग्रॅम गेले कुठे? परवा बोरोंबायकडच्या लग्नाच्या जेवणात मला पाहुण्याचा मान म्हणून मांडीचा तुकडा आला. मी उचलणार तोच समोरच्या रांगेतून एजे सगळ्या मंडळींसमोर म्हणाली, "याला बरगडी द्या, हा वजनावर आहे." सगळे हसले. बोरोंबाय (त्याला सगळं सांगून झालं होतं) म्हणाला, "पैलवान, तुझा पंच आता पक्षपाती नाही राहिला." मी बरगडी खाल्ली, तीही चरबी काढून.

२९ मे

एक्याण्णव. आणि इथे पुन्हा आठवडाभर अडलं. पण या वेळी घाबरलो नाही. आता माहीत आहे, काटा कधी कधी नुसता दम घेतो, बैल चढावर थांबतो तसा. चरबी कुणी घालत नाहीये, भीती मनात नाहीये, मग थांबू दे. धावायचं तेवढं धावतो. भीती मनात नाहीये, हे पूर्ण खरं नाही. आहे. पण आता ती मूठ आवळत नाही, नुसती सोबत धावते.

२० जून, बिश्केक

अठ्ठ्याऐंशी किलो सहाशे. हमाम नाही, रबरी कोट नाही, सकाळी दोन पेले पाणी पिऊन. तपासण्या स्वच्छ. डॉक्टर आल्तिनायबाईंनी कागद बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "हं. आता पदक मिळेल." मग एजेला आत एकटीला बोलावलं. मी दाराशी कान लावला, लाज सोडून.

"मान्य आहे का तुम्हाला? खरं सांगा. भावाच्या भिडेने हो म्हणायचं नाही."

एजेची खुर्ची करकरली. मग म्हणाली, "आधी नव्हतं. आता आहे. त्याच्या भिडेने नाही. मला जगायचंय, बाई. मला भरून पाणी प्यायचंय."

मी दाराबाहेर उभा राहून छातीवर हात ठेवला. एवढी मोठी कुस्ती मी कधी जिंकलो नव्हतो, आणि या वेळी हात वर करावेसेही वाटले नाहीत.

८ जुलै

उद्या पहाटे निघायचं. परवा ऑपरेशन. सामान बांधून झालं. एजेला रात्रीच्या मुक्कामाला आमच्याकडे आणायला मी आणि वेनेरा तिच्या घरी गेलो.

तिने सकाळीच तंदूर पेटवला होता. गरम नान, जाड, कडेला तीळ. म्हणाली, "ये, पैलवान, चाव." मी चावला. मोठा घास, नखाएवढा नाही. पाच महिन्यांत एवढा मोठा घास घेतला नव्हता, आणि तो इतका गोड लागला की डोळे भरून आले.

तिने नान मागे घेतला आणि खिळ्याकडे वळली. रीत तशीच. जाणारा चावतो, राहणारी लटकवते. मी तिच्या हातातून नान काढून घेतला.

"तूही चाव."

"मी? मी तर कायम लटकवणारी."

"या वेळी तूही निघालीयस. तू चावला नाहीस तर परत कशाला येशील?"

ती हसली. तिने माझ्या घासाशेजारी दात लावले. तिची भूक आता चिमणीएवढी, घासही तेवढाच. मी म्हटलं, अजून. तिने अजून एक घेतला. वेनेरा हे सगळं बघत दाराशी उभी होती. एजेने नान तिच्या हातात दिला.

"लटकव तू. उंच बांध, मांजर पोहोचतं."

वेनेराने दोऱ्यात ओवून तो खिळ्याला बांधला. गाठ दोनदा मारली. मग तिसऱ्यांदाही मारली. एजे खालून बघत होती. म्हणाली, "आम्ही दोघं परत येईपर्यंत दगड होईल तो."

"होऊ दे," मी म्हटलं. "माझे दात आहेत अजून."

"माझेही आहेत," एजे म्हणाली. "आणि मी तो भरलेल्या वाडग्यात भिजवून खाणार आहे. काठोकाठ भरलेल्या."